अतिशीत समुद्रातील इंजिन

आपल्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. मुळा व प्रवरा ह्या आपल्या नद्याही सह्याद्रीत उगम पावून जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवितात आणि पूर्वेस वाहत जाऊन गोदावरीस मिळतात. असे असता नौकेच्या इंजिनाचा, आणि तोही बर्फाळ समुद्रात चालणाऱ्या नौकेच्या इंजिनाचा, विचार आपण कशासाठी करावा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील व तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, त्या नौकेत जे डिझेल इंजिन असते त्याचाच भाऊबंद आपल्याकडील कित्येक विहिरींच्या काठी पत्र्याच्या छपराखाली उभा आहे. पौष महिन्याच्या पहाटे तो सुरू होण्यास का कुरकुरतो, पाणी फार गार दिले तर धूर का ओकतो आणि पाणी तुटले तर का अडकून बसतो, ही सर्व कारणे अतिशीत समुद्रात फार मोठ्या रूपात दृष्टीस पडतात. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता बारीक वस्तू मोठी दिसते, तसेच हे होय.

शिवाय ह्या विषयात एक कोडे आहे. इंजिन तापते म्हणून त्यास पाणी देतात. मग सभोवार बर्फासारखे थंड पाणी अथांग पसरले असेल तर इंजिनास सुखच वाटले पाहिजे! परंतु अनुभव निराळा आहे. बर्फाळ समुद्रात इंजिन थंडीने आजारी पडते. आणि त्याहून नवल असे की, त्याच समुद्रात ते अतिशय तापून बंदही पडू शकते. हे कोडे आज आपण पायरीपायरीने उलगडू.

भारतीय नौका थंड समुद्रात

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, हा विषय केवळ परदेशी लोकांचा नव्हे. ता. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' नावाचे नॉर्वेचे भाड्याने घेतलेले जहाज पहिल्या भारतीय मोहिमेस घेऊन दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडाकडे निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. ता. ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय मंडळी त्या हिमखंडावर उतरली. पुढे तेथे 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री' व 'भारती' अशी आपली ठाणी क्रमाने उभी राहिली आणि ह्या कामाची मध्यवर्ती संस्था गोव्यात वास्को येथे स्थापन झाली.

दुसरे उदाहरण शिडाच्या नौकांचे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधलेली सुमारे ५६ फूट लांबीची 'म्हादेई' ही नौका घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यामागून त्याच नौकेतून अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२-१३ साली कोणत्याही बंदरात न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. पुढे 'तारिणी' ह्या दुसऱ्या गोमंतकीय नौकेतून नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी २०१७-१८ साली, आणि दोघींनी २०२४-२५ साली, हाच मार्ग आक्रमिला. ह्या मार्गात दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न, लागते. तेथे भर उन्हाळ्यातही समुद्राचे पाणी दहा अंशांहून थंड असते. मुंबईचा समुद्र पंचवीस ते तीस अंशांचा. त्यावरून अंतर ध्यानी येईल. (ह्या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे आहेत.)

शिडाच्या नौकेस इंजिन कशास, असे कोणी विचारील. शीड नौकेस पुढे नेते हे खरे. परंतु बंदरात शिरताना पंखा फिरविण्यास इंजिन लागते, आणि भर समुद्रात बॅटऱ्या भरण्यासही ते उपयोगी पडते. त्या बॅटऱ्यांवर दिवा, बिनतारी यंत्र आणि आपोआप चालणारे सुकाणू अवलंबून असते. एकट्या खलाशास झोप घ्यावयाची असेल तर सुकाणू धरणारा तेवढाच एक सोबती!

आणि संकटकाळी तर इंजिनावर प्राणच अवलंबून असतात. ता. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अभिलाष टॉमी ह्यांची 'थुरिया' ही नौका वादळात सापडून तिची डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीस भारी दुखापत झाली. त्यांस उठवेना, चालवेना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज तेथे पोहोचले आणि त्यावरील माणसांनी लहान होडीतून जाऊन त्यांस उचलून आणिले. अशा वेळी होडीचे इंजिन पहिल्या प्रयत्नास सुरू होते की नाही, ह्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न जगात दुसरा नसतो.

बंब आणि इंजिन

इंजिनास पाणी कसे देतात हे समजण्यासाठी न्हाणीघरातील तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणा. त्याच्या मध्यभागी नळीत विस्तव असतो व सभोवती पाणी असते. इंजिनाची रचनाही अशीच आहे. मध्ये सिलिंडर, त्यात दट्ट्या खालीवर होतो आणि तेल जळते. सिलिंडरच्या भोवती पोकळ वेष्टन असून त्यात पाणी खेळते. फरक इतकाच की, बंबात आपणांस पाणी तापवावयाचे असते. इंजिनात धातू फार तापू द्यावयाची नसते.

जळणाच्या उष्णतेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग कामास येतो, एक तृतीयांश धुरावाटे निघून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा मुख्यतः पाण्यास काढून न्यावा लागतो. तो न काढला तर वंगण जळून जाईल, दट्ट्या फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसेल आणि इंजिन निकामी होईल. यास्तव इंजिनाभोवती पाणी वाहते ठेवणे हा पहिला नियम होय.

'जितके गार तितके बरे' हा समज

ह्यावरून कोणी असे अनुमान काढील की, पाणी जितके गार तितके बरे. येथेच चूक होते. डिझेल इंजिनात पेटविण्यासाठी ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबून तिचा आकार पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतका लहान करितो. त्या दाबाने हवा पाचशे अंशांहून अधिक तापते. आणि तीत तेलाचा फवारा येताच तो पेट घेतो. म्हणजे उष्णता हीच ह्या इंजिनाची काडेपेटी होय. सिलिंडरच्या भिंती अतिशय थंड असतील तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात, तेलाचे काही कण जळतच नाहीत, आणि पांढरा धूर बाहेर पडतो.

न जळलेले तेल भिंतीवर बसून तेथील वंगण धुऊन काढते व खाली उतरून वंगणात मिसळते. शिवाय तेल जळताना पाण्याची वाफ उत्पन्न होते. थंड तांब्यावर बाहेरून दव जमते त्याप्रमाणे ही वाफ थंड भिंतीवर जमते. आणि तेलात अंशमात्र जो गंधक असतो त्याच्या धुराशी मिळून तिचे सौम्य आम्ल बनते. ते धातूस हळूहळू खाते. अशा रीतीने गारठलेले इंजिन एका दिवसात मोडत नाही, परंतु त्याचे आयुष्य झिजत जाते. ज्यास आपण विश्रांती समजतो ते त्याचे दुखणे असते.

म्हणून कित्येक डिझेल इंजिनांच्या वेष्टनातील पाणी सुमारे ऐंशी अंशांवर राखतात. समुद्र तीस अंशांचा असो वा शून्य अंशाचा असो, इंजिनाच्या आतील हवामान तेच राहिले पाहिजे. हे कसे साधावे?

गोडे पाणी आत, खारे पाणी बाहेर

जुन्या व साध्या नौकांत समुद्राचेच पाणी पंपाने ओढून इंजिनाभोवती फिरवीत व बाहेर टाकीत. ह्या रीतीत दोन दोष आहेत. पहिला क्षाराचा. आपल्याकडे जड पाण्याच्या गावी बंबात आतून पांढरे पापुद्रे धरतात, हे सर्वांनी पाहिले आहे. समुद्राच्या पाण्यात तर एका किलोग्रॅममागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. ते पाणी पन्नास-साठ अंशांच्या पलीकडे तापू दिल्यास वेष्टनात थर बसू लागतो. म्हणून असे इंजिन मुळातच थोडे थंड चालवावे लागते. दुसरा दोष असा की, अतिशीत समुद्रात तेच पाणी थेट सिलिंडरला भिडून त्यास फार गारठविते.

यास्तव पुढील रचना निघाली. इंजिनाभोवती गोडे पाणी बंद वर्तुळात फिरते. ते तापून एका पेटीत येते. त्या पेटीत बारीक नळ्या असतात व त्यांतून समुद्राचे पाणी वाहते. दोन पाण्यांची भेट होत नाही. केवळ उष्णता नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते. घरी दूध लवकर निवावे म्हणून आपण पातेले परातीतील पाण्यात ठेवितो. दूध आणि पाणी मिसळत नाहीत, तरी दूध निवते. तोच हा प्रकार.

परंतु परातीत बर्फाचे पाणी असेल तर दूध फारच निवेल. त्यावर उपाय म्हणून गोड्या पाण्याच्या वाटेवर एक पहारेकरी बसविलेला असतो. त्यास थर्मोस्टॅट म्हणतात. भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून येते तेव्हा पाटकरी जसा गरज पाहून चारीचे दार उघडतो किंवा लावितो, तसा हा पहारेकरी पाण्याची वाट उघडतो किंवा लावितो. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. पाणी थंड असता मेण घट्ट असते व दार बंद राहते; मग गोडे पाणी त्या पेटीत न जाता इंजिनातच फिरत राहते व लवकर तापते. ठराविक उष्णतामान येताच मेण वितळून फुगते, दट्टी ढकलते आणि दार उघडते. समुद्र फार थंड असेल तर दार थोडेच उघडते. उष्ण असेल तर अधिक. ना घड्याळ, ना वीज. मेण फुगते व आकसते एवढ्या एका धर्मावर हे काम चालते.

एक व्यवहारज्ञान येथे सांगतो. इंजिन फार तापू लागले की काही कारागीर हा पहारेकरी काढूनच टाकितात. त्यामुळे तात्पुरते बरे वाटते, परंतु पुढे इंजिन नेहमी थंड राहून वर सांगितलेल्या झिजेस बळी पडते. पहारेकरी बिघडला असेल तर नवा बसवावा. पहाराच उठवू नये.

बर्फाचा भुसा

आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग. बर्फाळ समुद्रात इंजिन अतिशय कसे तापते?

गोडे पाणी शून्य अंशावर गोठते; समुद्राचे पाणी क्षारांमुळे सुमारे उणे १.९ अंशावर गोठते. घरी यंत्राने आइस्क्रीम करिताना बर्फात मीठ घालितात. मिठामुळे बर्फ शून्याखाली जाऊनही वितळत राहतो व आतील दूध गोठते. तोच धर्म समुद्रात दिसतो. तेव्हा ध्रुवाकडील समुद्राचे पाणी शून्याहून थंड असूनही वाहते असते. परंतु त्यात बर्फाचे बारीक कण तरंगू लागतात व पाणी खिरीसारखे दाट होते. नौकेच्या तळाशी असलेल्या छिद्रातून पंप पाणी ओढतो तेव्हा हा बर्फाचा भुसाही ओढला जातो. तो गाळणीत साचतो, पाण्याची वाट बुजते, आणि ज्या नौकेच्या चहूकडे अतिशीत पाणी आहे तिच्याच इंजिनास पाण्याचा थेंब मिळत नाही. पाच-दहा मिनिटांत काटा लाल खुणेवर जातो. विहीर भरलेली असून दोर तुटावा, तशी ही स्थिती होय.

ह्यावर नौका बांधणारांनी तीन युक्त्या योजिल्या आहेत. पहिली: पाणी घेण्याचे छिद्र शक्य तितके खोल ठेवावयाचे, कारण बर्फ हलका असल्याने वर तरंगतो. दुसरी: पाणी थेट न ओढता नौकेच्या तळातील एका हौदात प्रथम घ्यावयाचे आणि इंजिनातून तापून निघालेल्या पाण्याचा काही भाग त्याच हौदात परत सोडावयाचा. म्हणजे इंजिनाची टाकाऊ उष्णताच त्याच्या वाटेतील बर्फ वितळविते. तिसरी: समुद्राचे पाणी आत घ्यावयाचेच नाही. गोडे पाणीच नौकेच्या तळाला बाहेरून बसविलेल्या नळ्यांतून फिरवून आणावयाचे. येथे गाळणी नाही आणि बुजण्याची भीतीही नाही. मात्र खडकाला किंवा बर्फाला घासून नळी फुटू नये अशी बळकट रचना करावी लागते.

ज्या नौकेत ह्यांपैकी काही नसेल तिच्या खलाशाने डोळे उघडे ठेवावे. इंजिन सुरू होताच नौकेच्या मागील बाजूस धुराबरोबर पाण्याची पिचकारी बाहेर पडते की नाही, हे प्रथम पाहावे. ती क्षीण झाली तर इंजिन त्वरित थांबवून गाळणी साफ करावी. तापलेल्या इंजिनावर एकदम अतिशीत पाणी सोडू नये. जळत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर ती तडकते. ओतीव लोखंडाचीही तीच गत होऊ शकते.

थिजलेले तेल

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, हा आपला नित्याचा अनुभव आहे. डिझेलमध्येही मेणासारखा अंश असतो. थंडी वाढली की तो प्रथम ढगासारखा दिसू लागतो, मग गाळणीत अडकतो आणि शेवटी तेलच थिजते. उष्ण प्रदेशात भरलेले डिझेल घेऊन थंड समुद्रात गेलेल्या नौकेस हा धोका असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल विक्रीस आणिले, ते ह्याच कारणाने. मौज अशी की, जे मेण पहारेकऱ्याच्या पोटात असता इंजिनाचे रक्षण करिते, तेच तेलाच्या नळीत आले असता त्याचा गळा दाबिते. वस्तू तीच; स्थान बदलले की गुण बदलतो.

वंगणाचे तेल थिजत नाही, परंतु काकवीसारखे दाट होते. उसाच्या गुऱ्हाळावर गरम काकवी कशी धावते आणि थंडीत डब्यातली कशी सावकाश येते, हे आपल्या भागातील मुलांस सांगावयास नको. दाट वंगण भागाभागांत पोहोचण्यास वेळ लागतो व तोवर धातूवर धातू घासते. म्हणून थंड प्रदेशात पातळ जातीचे वंगण घालितात.

तेलाच्या टाकीत रिकामी जागा असेल तर तेथील दमट हवेतील पाणी थंडीने टाकीच्या भिंतीवर जमून खाली उतरते. ते पाणी नळीत गोठले तर इंजिन उपाशी राहते. यास्तव टाकी भरलेली ठेवावी व तळाचे पाणी वेळोवेळी काढावे.

गोड्या पाण्याविषयीही सावध असावे. पाण्याचा बर्फ होताना त्याचा आकार सुमारे शेकडा नऊ वाढतो आणि त्या रेट्यापुढे लोखंडही फुटते. ह्यासाठी त्या पाण्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळतात. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे पस्तीस अंशांच्याही खाली गोठते. हे द्रव्य चवीस गोड परंतु विषारी आहे. मुले व जनावरे ह्यांच्यापासून ते दूर ठेवावे.

सुरू करण्याची घटका

थंडीत सर्वांत कठीण घटका सुरू करण्याची असते. त्या वेळी बॅटरीची शक्ती मंदावलेली असते, वंगण दाट असते आणि सिलिंडर गार असतो. तिन्ही वैरी एकाच वेळी समोर येतात. म्हणून पुष्कळ इंजिनांत हवा किंवा सिलिंडर आधी तापविण्याची विजेची योजना असते. तीस पुरेसा वेळ द्यावा. बॅटरी नेहमी भरलेली असावी. नौकेत आणखी एक दक्षता लागते. इंजिन न पेटता वारंवार फिरविले तर पंप पाणी ओढीतच राहतो, ते धुराच्या नळीत साचते आणि मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरू शकते. अशा वेळी समुद्राच्या पाण्याची तोटी बंद ठेवावी व इंजिन पेटताच विसरू न जाता उघडावी.

इंजिन सुरू झाल्यावर त्यावर एकदम पूर्ण भार घालू नये. आणि तासन् तास रिकामेही चालवू नये. रिकामे इंजिन तापतच नाही. थोडा वेळ हलका भार व मग योग्य भार, हीच त्यास उब देण्याची रीत होय.

थंडीत मनुष्य दारे-खिडक्या लावून घेतो. परंतु इंजिनाच्या धुरात रंग व वास नसलेला एक विषारी वायू असतो. बंद जागेत तो झोपलेल्या माणसाचा प्राण घेतो. तेव्हा नौकेत काय किंवा शेतातील खोलीत काय, चालत्या इंजिनाजवळ दार लावून कधीही निजू नये.

जुन्यांचा अनुभव

डिझेल इंजिन ध्रुवप्रदेशी नेणारा पहिला मोठा धाडसी पुरुष म्हणजे नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन. त्याने १९०३ ते १९०६ ह्या काळात 'योआ' नावाच्या लहान नौकेतून उत्तर अमेरिकेच्या वरचा हिमाच्छादित जलमार्ग पार केला. तीत अवघ्या तेरा अश्वशक्तीचे रॉकेलचे इंजिन होते. पुढे ध्रुवप्रदेशी जाण्यासाठी त्याने 'फ्राम' ही नौका घेतली आणि तिचे वाफेचे यंत्र काढून १८० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसविले. १९१० साली निघालेली ती नौका जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकास पोहोचली. वाफेच्या यंत्रास बॉयलर सतत धगधगता ठेवावा लागतो व कोळशाचे ढीग लागतात. डिझेल इंजिन हवे तेव्हा सुरू करिता येते. बर्फात अकस्मात फट पडते व तितक्याच लवकर मिटते. अशा जागी वेळेवर सुरू होणारे यंत्र म्हणजे निम्मी सुटका.

आपल्या विहिरीवर

आता समुद्र सोडून पुन्हा आपल्या शिवारात येऊ. पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि अशा कारखान्यांतील इंजिने खेडोपाडी पोहोचली. विजेचे पंप आले तरी भारनियमनाच्या दिवसांत कित्येक शेतकऱ्यांस त्यांचाच आधार राहिला. आपल्या भागात काही वर्षी पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. विहिरीचे पाणी मात्र त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. म्हणून आपल्या इंजिनाचे दुखणे बहुधा सुरू होण्यापुरतेच असते. त्या वेळी हँडल मारून दंड भरून येण्याआधी वेष्टनात प्रथम कोमट व मग गरम पाणी ओतावे. पेटता काकडा हवेच्या तोंडाशी धरण्याची जी सवय काही ठिकाणी आहे ती घातक आहे. तेलाचा धोका असलेल्या जागी उघडा जाळ नको.

पंपाच्या नळातून इंजिनास जे पाणी जाते त्याची तोटी पूर्ण उघडून 'इंजिन गार राहू द्या' असे म्हणू नये. बाहेर पडणारे पाणी हातास चांगले गरम लागले पाहिजे, परंतु त्यातून वाफा निघता कामा नयेत. थंडीच्या सकाळी त्या पाण्यात हात शेकण्यास मुले धावतात. त्यांच्या हातांनी इंजिनाची प्रकृती सहज तपासली जाते. पाणी निव्वळ गार येत असेल तर तोटी थोडी आवळावी. चटका बसत असेल तर सैल करावी व गाळणीत पाला, शेवाळ अडकले आहे काय हे पाहावे. नौकेत बर्फाचा भुसा जे करितो तेच येथे शेवाळ करिते.

एवढ्यावरून कोडे सुटले असेल. यंत्राचे रक्षण थंडी करीत नाही आणि उष्णताही करीत नाही. ते प्रमाण करिते, आणि प्रमाण राखण्यासाठी कोणीतरी पहाऱ्यावर लागतो. कोठे तो मेणाच्या गोळीच्या रूपाने असतो. कोठे नौकेच्या मागे वाकून पाण्याची पिचकारी पाहणाऱ्या खलाशाच्या रूपाने. आणि कोठे पहाटे शेतात वडिलांबरोबर गेलेल्या व सांडत्या पाण्याखाली हात धरून पाहणाऱ्या शाळकरी मुलाच्या किंवा मुलीच्या रूपाने.

विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगे प्रश्न

१. थर्मोस्टॅट कायमचा उघडा राहिला तर इंजिनास काय होईल? कायमचा बंद राहिला तर काय होईल? ह्या दोहोंपैकी कोणता बिघाड लवकर ध्यानात येईल, आणि का?

२. दोन सारख्या पेल्यांत बर्फाचे खडे घ्या व एकात मूठभर मीठ घाला. उष्णतामापक दोहोंत ठेवून पाच मिनिटांनी पारा कोठे आहे ते लिहून ठेवा.

३. खोबरेल तेल, तूप व गोडे तेल ह्यांच्या लहान बाटल्या हिवाळ्यात एका रात्री अंगणात ठेवा. सकाळी कोणते थिजले, कोणते दाट झाले व कोणते तसेच राहिले ते पाहा. आणि ह्यांपैकी कोणाची गत डिझेलसारखी व कोणाची वंगणासारखी झाली ते सांगा.

४. समुद्राचे पाणी थेट घेणाऱ्या इंजिनापेक्षा गोडे पाणी फिरविणारे इंजिन अधिक उष्ण चालविता येते, त्याचे कारण आपल्या घरच्या बंबावरून समजावून द्या.